फाटलेल्या गणवेशांचा परीक्षक

शेषगिरी पांडुरंगराव हंचाटे. जन्म ११ ऑगस्ट १९५०, लष्कर मोहल्ला, म्हैसूर; मृत्यू ३ मार्च २०२४, त्याच मोहल्ल्यात, जन्मले त्या घरापासून चौथ्या घरात. व्यवसाय शिंपीकाम. शिक्षण सातवीपर्यंत. भावसार समाजातले, विठ्ठलाचे उपासक. घरात मराठी बोलत, दुकानात कन्नड, आणि रागावले की दोन्ही. त्यांनी आयुष्यात कुणावर हात उगारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. तरीही, कुंग फूच्या कोणत्या शैलीचा भर रस्त्यात स्वतःला वाचवण्यासाठी किती उपयोग होतो, या विषयावर ज्याचे मत विचारावे असा या शहरात मला एकच माणूस भेटला, आणि तो हा. मी ते मत वेळेवर मनावर घेतले नाही. २०२३ सालच्या फेब्रुवारीत ती चूक माझ्या हातून घडली. या टिपणात तिचीही नोंद राहावी, अशी माझी इच्छा आहे.

त्यांचे दुकान सात फूट रुंद होते. दोन शिलाई यंत्रे, कापणीचा एक पाट, आणि भिंतीवर खिळ्यांची रांग. आरंभी ते बँडवाल्यांचे कोट शिवत. १९८९च्या सुमारास एका कराटे क्लासने त्यांच्याकडून पंचवीस गणवेश शिवून घेतले. पुढे कुंग फूचे क्लास निघाले, आणि त्या सर्वांचे कपडे याच दुकानात येऊ लागले. नवे शिवण्यापेक्षा उसवलेले सांधण्याचे काम अधिक असे. मी विद्यापीठाच्या परीक्षा विभागात चौतीस वर्षे काढून निवृत्त झालो होतो आणि माझे कोट तेच शिवत. एकदा माप देण्यासाठी गेलो असता त्यांनी एक काळी विजार माझ्यासमोर धरली.

"सर, कुठल्या क्लासची, ओळखा."

"मला काय कळणार?"

"आसन उसवलंय बघा. बोगादीच्या रघूत्तमची. बगळा शैली. पाय डोक्याच्या वर नेतात, तवा आसन जातं. मी तिथं तळहाताएवढा जादा तुकडा घालतो, तरी जातं." मग त्यांनी एक सदरा घेतला. "ही बाही बघा, कोपरापासून मनगटापर्यंत कागद झालीय. हा सुदीपचा, विंग चुन. समोरासमोर उभं राहून हाताला हात घासत असतात. जवळच्या भांडणाला बरं. आणि हे..."

तिसरे जाड सुती जाकीट होते. काखेत फाटलेले, गळपट्टी अर्धी लोंबणारी.

"मेटगळ्ळीच्या रम्याचं. सांडा म्हणतात त्याला. हे लोक एकमेकाला खरंच धरतात, खरंच पाडतात."

"मग यांतला उत्तम कोणता?"

"मी शिंपी. मला काय विचारता?" त्यांनी दोरा दाताने तोडला. "इतकंच सांगतो. अकरा वर्षं रघूत्तमचं काम करतोय. एकदा पण गळपट्टी फाटून आली नाही. म्हणजे त्या पोरांना अजून कुणी गळ्याला धरलंच नाही."

मी हसलो. शिंप्याचा विनोद म्हणून ते वाक्य मी सोडून दिले.

त्यांची नात नव्या रघूत्तम यांच्याकडेच सहा वर्षे शिकत होती. तेवीस वर्षांची ही मुलगी मेटगळ्ळीतील एका कारखान्यात तयार सुट्या भागांची तपासणी करी. तीन मुलाखती देऊन मिळवलेली नोकरी. घराण्यातील कोणत्याही स्त्रीची ती पहिली. पहिली पाळी दुपारी दोनला सुटे. कंपनीची गाडी दुसऱ्या दिशेला जाई, म्हणून नव्या फाटकापासून बसथांब्यापर्यंत चालत जाई. साधारण सातशे पावले. एका बाजूला बंद पडलेल्या कारखान्याची उंच भिंत, दुसऱ्या बाजूला बाभळी माजलेली मोकळी जागा. दुपारच्या त्या वेळी तिथे चिटपाखरू नसते.

जानेवारीपासून एक करड्या रंगाची स्कूटर तिच्या बरोबरीने चालू लागली. स्वार हेल्मेट घालून, काच खाली केलेली. आरंभी तो नुसता सोबत येई. नंतर बोलू लागला. मंगळवार, ७ फेब्रुवारी रोजी त्याने चालत्या स्कूटरवरून तिची ओढणी ओढली. नव्या चार पावले फरफटली; खांद्यावरची पिन उघडली म्हणून सुटली. घरी तिने काही सांगितले नाही. रात्री केस विंचरताना तिच्या आजी भागीरथीबाई यांना मानेवर तांबडा वळ दिसला, तेव्हा सारे उघड झाले.

पोलिसांत तक्रार दिली गेली. स्कूटरच्या पाटीवर चिखल थापलेला असल्याने क्रमांक कुणाकडे नव्हता. फाटकाबाहेरचे आम्ही पाहत नाही, असे कारखान्याच्या पहारेकऱ्याने सांगितले. शुक्रवारी सायंकाळी शेषगिरी यांनी मला घरी बोलावले. त्यांचा मुलगा, नव्याचा पिता शिवाजीराव, एका विमा कार्यालयात काम करी. त्याने निर्णय घेतलेलाच होता.

"सोमवारी राजीनामा. हुबळीचं स्थळ आलेलंच आहे. त्यांना कळवून टाकतो."

"अप्पा, सहा वर्षं शिकलेय मी," नव्या म्हणाली. "ब्राऊन पट्टा आहे माझा. येऊ दे त्याला परत."

"हे ऐकूनच मला भीती वाटते," शेषगिरी हळूच म्हणाले.

"अज्जा, तू टेन्शन नको घेऊ."

शिवाजीराव माझ्याकडे वळला. "सर, तुम्ही आयुष्यभर परीक्षा घेतल्या. हिची पण घ्या. हिच्या विद्येचा खरंच उपयोग होतो असं तुम्ही सही करून लिहून द्या, मी एक शब्द बोलणार नाही. नाही तर सोमवारी राजीनामा."

नव्याने मान डोलावली. मीही होकार दिला.  शेषगिरी गळ्यातली मापाची फीत बोटाला गुंडाळत राहिले.

रविवार, १२ फेब्रुवारी, सकाळी दहा वाजता, समाजाच्या विठ्ठल मंदिरातील सभागृहात परीक्षा ठरली. मी शनिवारीच तक्ता आखला होता. उभे राहण्याची पद्धत, वेग, अचूकता, जोर, मनाची स्थिरता. प्रत्येकी वीस गुण. रघूत्तम आपले दोन वरिष्ठ विद्यार्थी घेऊन वेळेवर आले. अडतिशीतले, मितभाषी, कामात चोख गृहस्थ. परीक्षा गणवेशातच व्हावी, अशी त्यांची अपेक्षा होती आणि माझीही.

"सर, एक विनंती," शेषगिरी म्हणाले. "कामावर जाते त्या कपड्यांत घ्या परीक्षा."

"परीक्षेला गणवेश असतो, शेषगिरीराव. उद्या कुणी म्हणेल की अडचणीच्या कपड्यांमुळे गुण गेले."

"मी तेच म्हणतोय."

"अज्जा, सुम्ने बस ना," नव्या पुटपुटली. सर्वांदेखत आजोबांना गप्प बसा म्हणावे लागले, म्हणून ती लाजली होती.

मी नियम बदलला नाही. नव्या काळ्या गणवेशात मध्यभागी उभी राहिली. विद्यार्थी एकेक करून समोरून आले. हात कुठून येणार, हे आधी मोठ्याने सांगत. ती बाजूला सरकली की दोन्ही बाहू पंखांसारखे उघडत. तिची टाच वर गेली आणि पहिल्या विद्यार्थ्याच्या कानापासून एका बोटाच्या अंतरावर थांबली. हवेत कापडाचा फटकारा वाजला. शिवाजीरावाने श्वास रोखलेला मला दिसला. दुसऱ्याचा ठोसा तिने मनगटाने वळवला आणि बोटांची चोच त्याच्या गळ्याशी नेऊन ठेवली. एका पायावर ती इतकी निश्चल उभी होती की मी अचूकतेला एकोणीस गुण दिले. एकूण शंभरपैकी शहाऐंशी. खाली मी लिहिले, "परीक्षार्थीची विद्या आत्मसंरक्षणास उपयुक्त आहे," आणि सही केली.

शिवाजीरावाने कागद दोनदा वाचला, मला हात जोडले, कागद खिशात ठेवला आणि स्कूटर काढायला खाली गेला. रघूत्तम आणि त्यांचे विद्यार्थीही निघाले.

नव्या शेजारच्या खोलीत कपडे बदलून आली. पिवळा कुर्ता, अंगाला चिकटलेला चुडीदार, गळ्याभोवती ओढणी, कारखान्याच्या ओळखपत्राची फीत, खांद्याला पिशवी. जिन्याच्या वरच्या पायरीवर वाकून ती चपला घालू लागली. शेषगिरी तिच्या मागे होते. त्यांनी ओढणीची दोन्ही टोके मुठीत घेतली आणि एक शब्द न बोलता मागे ओढली.

तिचे हात गळ्याकडे गेले. उजवा पाय उचलला गेला, पण कुर्त्याच्या घेरात गुडघ्यापर्यंत येऊन अडकला. पिशवी कोपरावर घसरली. एका पायात चप्पल, दुसरा मोकळा, अशी ती पायरीवर बसली. सवयीने मी मोजत होतो. चार आकडे झाले होते. शेषगिरी यांनी ओढणी सोडली. 

ती खोकत राहिली. ते तिच्याशेजारी पायरीवर बसले.

"मी बाहत्तर वर्षांचा. दमा आहे मला. चार आकड्यांत बसवलं तुला. तो तिशीचा असेल."

खोकला थांबल्यावर ती म्हणाली, "बगळ्यात डिस्टन्स लागतं, अज्जा. मागून कोणी ओढत नाही आम्हाला."

"म्हणून गळपट्ट्या शाबूत," ते म्हणाले. ते माझ्याकडे पाहत होते.

खाली शिवाजीरावाच्या स्कूटरचा हॉर्न वाजला. मी जिना उतरू लागलो. मी सही केलेला कागद त्याच्या खिशात होता आणि तो कागद चुकीचा होता. शेषगिरी यांनी माझे मनगट धरले.

"कुठं निघालात?"

"निकाल रद्द करायला."

"आत्ता गेलात तर उद्या राजीनामा. पोरीची नोकरी गेली. आणि तो स्कूटरवाला परवा दुसरीच्या मागं लागेल. आठ दिवस द्या सर."

"खोट्या कागदावर?"

"कागद अपुरा आहे. आपण पुरा करू."

"आणि या आठ दिवसांत तिला काही झालं तर?"

"मी रोज जाईन तिच्याबरोबर. दुकान बंद करून जाईन."

हॉर्न पुन्हा वाजला.  नव्याने दुसरी चप्पल घातली आणि माझ्याकडे पाहिले. मी जिना उतरलो नाही. चुकीचा आहे हे ठाऊक असलेला निकाल चौतीस वर्षांत मी एकदाही तसा ठेवला नव्हता. त्या दिवशी ठेवला.

सोमवारपासून शेषगिरी दुपारी बारा वाजता दुकानाची फळी लावू लागले आणि बसने मेटगळ्ळीला जाऊ लागले. दोन वाजता ते फाटकावर असत. भिंतीच्या कडेने आजोबा आणि नात चालत येत. करडी स्कूटर दोनदा दिसली, आणि दोन्ही वेळा लांबूनच वळून गेली. मी तिसऱ्या दिवसापासून थांब्यावर जाऊन बसू लागलो. घरी माझ्याने बसवत नव्हते.

थांब्यापलीकडच्या एका गोदामात रम्याचा क्लास भरे. सोमवारी शेषगिरी नव्याला तिथे घेऊन गेले. तिने नव्याला गणवेश देऊ केला नाही. "आलीस त्याच कपड्यांत राहा," ती म्हणाली, आणि तिच्या मुलींनी नव्याला त्या पहिल्या दिवशी अकरा वेळा पाडले. कुर्ता बगलेपासून फाटला. शेषगिरी कोपऱ्यातील बाकावर बसून फाटलेल्या प्रत्येक जागेकडे पाहत. बुधवारी सुदीपच्या क्लासात नेले. समोरून मनगट धरले तर सुटायचे कसे, हे ती तासाभरात शिकली. मागून ओढल्यावर मात्र तिथेही सर्व थांबले.

गुरुवारी रघूत्तम स्वतःच दुकानात आले. बातमी त्यांच्या कानी गेली होती.

"अज्जा, माझ्या शैलीला नावं ठेवू नका. माझ्या गुरूंच्या गुरूंपासून आलेली आहे ती."

"नावं कोण ठेवतंय? कापड उंची आहे. लग्नात घालायचं का पावसात, एवढं बघायला नको का?"

 रघूत्तम यांनी पाटावरची ओढणी उचलून स्वतःच्या गळ्यात घातली आणि पाठ फिरवली. "ओढा."

शेषगिरी यांनी ओढली. रघूत्तम तोल सावरून वळले, पण वळेपर्यंत त्यांचा चेहरा लाल झाला होता. ते मान चोळत खाली बसले.

"एका पायावर तोल राहिला, तो बगळ्यामुळे," ते म्हणाले. "तेवढाच उपयोग झाला."

"तेवढा पण थोडका नाही. पोरीला ते आहे. पण बघा, तुमची विद्या, सुदीपची, रम्याची, सगळ्या धरल्यानंतरच्या. मला धरायच्या आधीचं बघायचंय."

शनिवारी महाशिवरात्रीची सुट्टी होती. तो आणि रविवार, असे दोन्ही दिवस शेषगिरी यांनी दुकानात, माझ्यासमोर, नव्याचे कामाचे कपडे उसवण्यात घालवले. कुर्त्याच्या दोन्ही बाजूंच्या चिरा चार बोटे वर नेल्या. चुडीदाराच्या आसनात तोच तळहाताएवढा तुकडा बसवला, जो ते बगळ्याच्या विजारीला घालत. ओळखपत्राची फीत मानेमागे कापून टिचबटणाने जोडली. झटका बसला की उघडेल. मग ओढणी हाती घेतली. ती गळ्याभोवती न घेता त्यांनी दोन्ही खांद्यांवर कुर्त्याला कच्च्या टाक्यांनी टाचली. कोट शिवताना बाही आधी तात्पुरती लावून पाहतात, तो हा टाका. पुढे पक्की शिलाई झाली की काढून टाकायचा. पहिल्या प्रयत्नात दोरा जाड निघाला आणि नव्या ओढली गेली. दुसऱ्या वेळी तीनच टाके घातले, तर बसमध्ये चढतानाच ओढणी गळून पडेल असे झाले. अखेर एकेरी सुती दोऱ्याचे, एका खांद्याला पाच टाके ठरले.

"पन्नास वर्षं टाका उसवत नाही म्हणून नाव कमावलं," भागीरथीबाई दारातून म्हणाल्या. "आता उसवणारा टाका घालतोय म्हातारा."

"तू ओढून बघ."

त्यांनी ओढली. ओढणी सबंध त्यांच्या हातात आली आणि त्या दोन पावले मागे जाऊन दारावर आदळल्या. नव्या जागची हलली नव्हती. त्या दिवशी प्रथम ती हसली.

सोमवार, २० फेब्रुवारी हा माझ्या मुदतीचा शेवटचा दिवस होता. सकाळी निघताना नव्याने सांगितले, "अज्जा, आज तू माझ्याबरोबर चालू नको. तू दिसलास की तो येत नाही. आणि तो आला नाही तर हे संपतच नाही."

शेषगिरी यांनी वाद घातला नाही. तिच्या खांद्यांवरचे टाके मात्र दोनदा मोजले.

दुपारी पावणेदोनला आम्ही दोघे थांब्याच्या छपराखाली बसलो. ऊन असे होते की भिंतीची सावली तिच्या पायाशीच गोळा झाली होती. दोन वाजून आठ मिनिटांनी नव्या फाटकातून बाहेर पडली. पिशवी तिने पुढे, पोटाशी धरली होती. शंभर पावले झाली. दोनशे. शेषगिरी यांनी गळ्यातली फीत काढून हातात घेतली होती आणि ती ते इंचाइंचाने बोटांतून सरकवत होते.

स्कूटर बाभळींच्या मागून निघाली.

नव्याने मागे पाहिले नाही. स्कूटरचा आवाज जवळ आला तशी ती भिंतीपासून दूर, रस्त्याच्या बाजूला सरकली. भिंतीशी अडकून पडायचे नाही, हे रम्याने शिकवले होते. स्वाराने वेग कमी केला. डावा हात लांब केला, ओढणी मुठीला गुंडाळली आणि स्कूटर पुढे काढली.

आमच्यापर्यंत कोणताही आवाज आला नाही. ओढणी सबंध त्याच्या मुठीत गेली. ओढ सोसण्यासाठी तो मागे झुकलेला होता, आणि ओढच आली नाही. हँडल वळले, पुढचे चाक रस्त्याच्या कडेच्या दगडावर चढले, आणि स्कूटर त्याच्या पायावर पडली.

नव्या उभीच राहिली. हे तिने आधी ठरवले नव्हते. तो जमिनीवर होता, तिच्याकडे पाठ करून, आणि सहा वर्षांची विद्या तिच्या उजव्या टाचेत गोळा झाली होती. टाच वर जाताना मला दिसली. आता कुर्त्याची चीर मोकळी होती; पाय कुठेही अडकला नसता.

शेषगिरी उठले. त्यांचा इतका मोठा आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता.

"साकु, नव्या. फाटकाकडे."

पुरे झाले, असे सांगणारा तो एक शब्द तिच्यापर्यंत पोहोचला. पाय खाली आला. तिने वाकून पाटी पाहिली. पडताना चिखलाचा पापुद्रा निघाला होता. तेवढ्या वेळात तो उठला आणि तिची बाही त्याने मुठीत पकडली. मी छत्री घेऊन धावू लागलो होतो. चारशे पावले होती आणि माझे गुडघे मला ठाऊक आहेत. नव्या मागे सरली नाही. ती सरळ त्याच्या अंगावर गेली, खांदा त्याच्या छातीत घातला आणि ढकलले. बाही काखेतून फाटली. तो स्कूटरवर अडखळून बाभळींत बसला. त्या हालचालीत काहीही सुंदर नव्हते. माझ्या तक्त्यातील पाच सदरांपैकी एकाही सदरात तिला गुण देता आले नसते. नव्या धावत सुटली, आणि धावताना मोठमोठ्याने गाडीचा क्रमांक म्हणत होती. पहारेकरी काठी घेऊन बाहेर आला. या वेळी फाटकाच्या पलीकडे आला.

आम्ही पोहोचलो तेव्हा ती फाटकाशी पाणी पीत होती. शेषगिरी यांनी तिच्या कुर्त्याची फाटलेली काख पाहिली, शिवण कुठून गेली ते बोटाने चाचपले.

"बरोबर जागी फाटली, रम्याच्या जाकिटांसारखी," ते म्हणाले, आणि मग तिथेच पायरीवर बसले. श्वास जागेवर यायला त्यांना बराच वेळ लागला.

पुढील गोष्टी अशा घडल्या. क्रमांकावरून तो मनुष्य त्याच सायंकाळी सापडला; एका ठेकेदाराकडे गाडी चालवीत असे. गुन्हा दाखल झाला. त्याच सायंकाळी शेषगिरी यांनी शिवाजीरावाला आठ दिवसांची सर्व हकीकत माझ्यादेखत सांगितली. मी कागद परत मागितला, त्यावरील शहाऐंशी हा आकडा खोडला आणि खोडल्याची सही केली. शिवाजीराव चार दिवस आमच्या दोघांशी बोलला नाही. पाचव्या दिवशी दुकानात येऊन म्हणाला, "हुबळीला नाही म्हणून कळवलंय," आणि चहा न घेता गेला. नव्या त्याच कारखान्यात आहे. मार्चपासून कंपनीची गाडी मुलींना थांब्यावर सोडून पुढे जाते.

रघूत्तम दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी रोजच्या कपड्यांत वर्ग घेऊ लागले. विद्यार्थ्यांनी एकमेकांना मागून, न सांगता धरायचे. जूनमध्ये शेषगिरी यांनी मला मुद्दाम बोलावून घेतले. पाटावर बोगादीहून आलेले सहा सदरे होते.

"बघा सर. गळपट्ट्या फाटायला लागल्या. आता शिकतायत."

पुढच्या मार्चमध्ये दम्याने ते गेले. दुकान आता नव्याची आजी चालवते, दुपारपर्यंत.

दोन गोष्टी बाकी आहेत. पहिली माझ्याकडे. खोडलेल्या आकड्याच्या जागी कोणता आकडा लिहू, असे मी त्यांना विचारले होते. "ते तुम्ही ठरवा, मी शिंपी," ते म्हणाले. ती जागा अद्याप कोरी आहे. मी तक्त्याला सहावे सदर जोडले आहे, त्याला 'धरायच्या आधी' असे नावही दिले आहे, परंतु गुण लिहिलेले नाहीत.

दुसरी न्यायालयात. ओढणी मुद्देमाल म्हणून जमा आहे. ती कुठेही फाटलेली नाही, सबब ती ओढली गेलीच नाही, वाऱ्याने उडून अशिलाच्या हाती आली, असे आरोपीचे वकील म्हणतात. एका खांद्याला पाच टाके होते आणि ते का होते, हे सांगू शकणारा शिंपी हयात नाही. टाके घालताना मी तिथे होतो, म्हणून साक्षीसाठी मला बोलावणे आले आहे. तारीख १८ नोव्हेंबर. भागीरथीबाईंनी त्याच कापडाची दुसरी ओढणी एका जुन्या कुर्त्याला तशीच टाचून, घडी करून माझ्याकडे दिली आहे. न्यायाधीशांनी स्वतः ओढून पाहावी, असा त्यांचा निरोप आहे. टाके मी मोजले. दहा आहेत.